चार नंबर तयार नाही

मूठवालीचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. खतडेपोत तिला सगळे मूठवाली म्हणत, समोर असली की मावशी. शहराचा ओला कचरा डेपोत येतो, त्याचे ढीग लावतात, ढीग आतून तापतो, कुजतो आणि त्याचं खत होतं. त्या ढिगात पाणी जास्त झालं की कमी, हे ही बाई मूठ आवळून सांगायची. हात कोपरापर्यंत आत घालायचा, आतला माल मुठीत धरायचा आणि जोर लावायचा. बोटांच्या फटीत पाणी नुसतं चमकलं आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ठीक. धार लागली तर ओला. गोळा झालाच नाही तर कोरडा. ओलावा मोजायचं यंत्रही डेपोला मिळालं होतं, पण त्याची सळई पहिल्याच महिन्यात एका हाडाला लागून वाकली. ती वाकडी सळई आता ऑफिसची खिडकी उघडी ठेवायच्या कामी येते.

सोळा वर्षं ती ढिगावर होती. त्याआधी चार वर्षं पट्ट्यावर. पट्ट्यावर उभं राहायचं म्हणजे सरकत्या रबरावरून शहराचं पोट आणि शहराची लाज दोन्ही नाकासमोरून जाऊ द्यायची, आणि त्यातून काचा, सुया, डायपर हाताने वेचायचे. तिथून ढिगावर यायला लोक साहेबांच्या दारात उभे राहतात, ओळखी काढतात. ही आली ती स्वतःच्या मुठीवर, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

यंदाची भानगड सुरू झाली वासावरून. रस्त्यापलीकडे तीन उंच इमारती झाल्या. डेपो आधीचा, इमारती नंतरच्या, पण हा हिशेब तिथल्या लोकांना कोण सांगणार? त्यांनी नाकाला रुमाल लावून अर्ज केले. काल स्वतःच्याच ताटात टाकलेलं आज डेपोतून त्यांना वास मारत होतं. माणसाला आपली घाण डोळ्याआड झाली की ती दुसऱ्याची वाटायला लागते.

वास का येतो, हे मूठवालीला ठाऊक होतं. हॉटेलांचा पातळ, पाणीदार कचरा वाढला होता आणि त्यात मिसळायला कोरडं काहीच नव्हतं. माल चिकटला की हवा आत शिरत नाही, आणि हवा नसली की ढीग कुजायचं सोडून सडायला लागतो. उपाय म्हणजे लाकडाचा भुसा, नाहीतर वाळका पाला. भुशाची मागणी तिने दोनदा लिहून दिली. कागद वर गेला तो वरच राहिला. भुसा आणायचा तर ठराव लागतो, सह्या लागतात, गाडी लागते. पंख्याचं बटण फिरवायला यातलं काहीच लागत नाही.

प्रत्येक ढिगाखाली जमिनीत भोकं पाडलेले पाइप आहेत. पंखा त्यातून वर हवा फुंकतो. तासाला पाच मिनिटं. नवे साहेब आले आणि त्यांनी पाचाची वीस केली. माणूस वाईट नव्हता. तिशीतला, डब्यातली पोळी उभ्या उभ्या खाणारा, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. चौथ्या दिवशी वास गेला. इमारतीवाल्यांनी आभाराचं पत्र पाठवलं, वरच्या साहेबांनी फोनवर पाठ थोपटली, आणि डेपोने त्यांना नाव ठेवलं, पंखेसाहेब.

त्याच आठवड्यात हातमोजे आले. काळे, रबराचे, कोपराच्याही वर जाणारे. उघडा हात ढिगात घालायचा नाही, असा हुकूम निघाला. हुकूम चुकीचा नव्हता. सोळा वर्षांत तिच्या उजव्या हाताला एकवीस टाके पडले होते. ती आधी कुरकुरली, मग घालायला लागली. मोज्यातून मूठ आवळली की आतून हात ओलसर लागायचा. ती वहीत लिहायची, "ठीक". एक नंबर ठीक. दोन ठीक. चार ठीक.

सव्विसाव्या दिवशी चार नंबरच्या ढिगात थर्मामीटरची लांब सळई खुपसली, तर काटा चौतीसवर. पहिल्या आठवड्यात चार नंबर अडुसष्टला गेला होता. वास नाही, रंग काळा, माल हलका. साहेब एवढे खूश झाले की त्यांनी लोडर चालवणाऱ्यालाही चहा पाजला.

"पंचावन्न दिवसांचं काम सव्वीस दिवसांत, मावशी! थंड पडला म्हणजे कुजून संपला. पुस्तकात हेच लिहिलंय."

मूठवालीला नवल वाटलं, पण तिची स्वतःची वही "ठीक" म्हणत होती. तिने स्वतःलाच खोटं कसं पाडावं?

सव्वीस दिवसांत झालेला हा पहिला माल जायचा होता तिच्या नणंदेकडे. नवऱ्याची ही मोठी बहीण रोपवाटिका चालवायची. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं. छोट्या छोट्या खणांचे ट्रे, एका खणात एक बी, सगळी मिळून चाळीस हजार रोपं. माती पुरवणाऱ्याने यंदा धंदा बंद केला आणि वन्सं अडून बसल्या. वन्सं सहसा कुणावर विश्वास ठेवत नसत. डॉक्टरने दिलेली गोळीसुद्धा आधी दुकानदाराला दाखवायच्या. पण मूठवाली म्हणाली, "आमचं खत घ्या. मी स्वतः बघून देते." आणि वन्संनी मान डोलावली. शुक्रवारी टेम्पो यायचा होता.

मंगळवारी सकाळी चार नंबरच्या बाजूने जाताना मूठवालीने सवयीने हात आत घातला आणि काचेने मोजा फाटला. तळव्यापासून मनगटापर्यंत. हात वाचला. तिने मोजा ओढून काढला तर त्याच्या बोटांतून पाणी सांडलं. तिचाच घाम. रबरात सकाळपासून कोंडलेला.

मग तिने इकडे-तिकडे पाहिलं आणि उघडा हात ढिगात खांद्यापर्यंत घातला. मूठ आवळली. उघडली. माल बोटांमधून वाळूसारखा खाली गेला. तळहाताला डागही लागला नाही.

अठरा दिवस ती स्वतःचा घाम मोजत होती.

"काय झालं, मावशी? साप निघाला काय?" लोडरवाल्याने वरून विचारलं.

"खाली उतर."

"मशीन चालू आहे."

"मग बंद कर आणि उतर! हात दे. उघडा. आता आवळ."

लोडरवाल्याने आवळलं. "काही नाही. भुगा आहे नुसता."

"कोरडा ठणठणीत आहे. हा थंड झालाय तो कुजून संपला म्हणून नाही. पंख्याने सुकवला त्याला. आतले जीव पाण्यावाचून झोपलेत. पाणी मिळालं की उठतील आणि पुन्हा तापायला लागतील."

"उठू देत की. आपल्याला काय? गोणी भरली की बाहेर."

"अरे, बाहेर जिथे जाईल तिथे रोज पाणी घालणार आहेत त्याला! ट्रेमध्ये. रोपांच्या मुळाशी!"

लोडरवाल्याने हात पँटला पुसला. मग म्हणाला, "वहीत तर तुम्ही ठीक लिहिलंय."

तोच तर काटा होता. पंखा साहेबांचा, पण "ठीक" तिचं. तोंड उघडलं की पहिला प्रश्न वहीचा निघणार, आणि वहीत अठरा वेळा तिचं अक्षर. मूठच चुकली म्हटल्यावर तिला ढिगावर कोण ठेवणार? चोपन्नाव्या वर्षी पुन्हा पट्टा. सुया, काचा, डायपर. आणि गप्प बसलं तर? शुक्रवारी टेम्पो जाईल. कुणाला काही कळणार नाही. आठवड्याने वन्संची रोपं पिवळी पडतील, मुळं करपतील, आणि बियाणंच खराब निघालं असं म्हणायला ती मोकळी असेल. वन्संचं वर्षाचं पोट त्या चाळीस हजारांवर होतं. दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे, कुंपण आणि एक विहीर सोडून.

ती ऑफिसात गेली.

"साहेब, चार नंबर तयार नाही."

साहेबांनी मान वर केली नाही. "चौतीस अंश आहे, मावशी."

"कोरडा आहे म्हणून चौतीस आहे."

"ओलावा तुम्हीच लिहिता ना?"

"मीच लिहिते. चुकीचं लिहिलं. मोज्यात घाम यायचा, तो मला ढिगाचा ओलावा वाटला."

आता साहेबांनी मान वर केली. त्यांना आधी हसू आलं, मग ते गेलं. "बरं. कोरडा असेल तर पाणी मारा वरून. शुक्रवारी वरचे साहेब येणार आहेत, पहिल्या गोणीबरोबर फोटो आहे."

"वरून मारलेलं पाणी या मालात शिरत नाही. वाट मिळेल तिथून घरंगळतं आणि खालच्या गटारात जातं. ढीग फोडून, उलटवत उलटवत भिजवावा लागतो. आणि मग तो पुन्हा तापतो. महिना लागेल."

"तुम्ही मुठीवरून सांगताय. आणि मूठ चुकते, हे आत्ताच तुम्ही म्हणालात."

पोरगं बरोबर बोललं होतं. असा राग आला तिला, की स्वतःचाच हात उखळात घालावा. ती बाहेर आली आणि लोडरवाल्याला म्हणाली, "निळं पिंप आण. मोठं."

चार नंबरच्या आतला माल पिंपात भरला. थराथराला पाणी घातलं, ढवळलं, उघड्या हाताने आवळून पाहिलं, पुन्हा घातलं. गोळा व्हायला लागला तेव्हा थांबली. पिंपाला बाहेरून गोणपाटाचे चार वेढे दिले, हवा लागावी म्हणून झाकण तिरकं ठेवलं आणि थर्मामीटरची सळई आत खुपसली. एकतीस.

"आता?" लोडरवाल्याने विचारलं.

"आता बघायचं. मी खोटी असले तर हे असंच गार राहील."

"आणि खरी असलात तर?"

"तर मग माझी पट्ट्यावर रवानगी. गप्प बस."

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावलेलं असलं की तो कमी बोलायचा आणि भिंग काढलं की त्याहून कमी.

"ताईला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"काय सांगू? अजून पिंप तापायचंय."

"तापणार आहे का?"

"तापणार."

"मग सांगून टाक."

"तुमची बहीण आहे, तुम्ही सांगा!"

"मला अजून जगायचंय," तो म्हणाला आणि भिंग लावलं.

बुधवारी पिंपात चव्वेचाळीस. साहेब दोनदा जवळून गेले, थांबले नाहीत. गुरुवारी सकाळी झाकण उचललं तर वाफेचा लोट आणि डोळ्यांतून पाणी काढणारा उग्र दर्प. काटा अठ्ठावन्नवर. लोडरवाल्याने पिंपाला हात लावला आणि शिवी हासडली. मग तोच धावत जाऊन साहेबांना घेऊन आला.

साहेबांनी काटा पाहिला. सळई काढून, पुसून, पुन्हा खुपसली. अठ्ठावन्न. त्यांनी पिंपातला माल चिमटीत घेतला, नाकाशी नेला आणि टाकून दिला.

"सव्वीस दिवस..." ते म्हणाले.

"पहिले आठ दिवस कुजला, साहेब. बाकी अठरा दिवस नुसता सुकला."

तेवढ्यात फाटकातून गमबुटांचा आवाज आला. वन्सं. टेम्पो उद्या यायचा होता, पण माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय टेम्पो पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हे काय उकळताय?" त्यांनी दुरूनच विचारलं.

साहेब पुढे झाले. "काही नाही ताई, एक छोटा प्रयोग चाललाय. तुमचा माल..."

"वन्सं, माल नेऊ नका," मूठवाली मध्येच म्हणाली. "हा तुमचाच माल आहे. पाणी दिल्यावर असा होतो. रोपं उकडून काढील."

वन्संनी पिंपाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

"तू म्हणालीस, मी बघून देते."

"म्हणाले."

"बघितलं नाहीस?"

"बघितलं. चुकीचं बघितलं. मोज्यातून."

"मोज्यातून! अगं, मोज्यातून कुणी पोराचा तापसुद्धा बघत नाही! आणि मी बाई तुझ्या शब्दावर बियाणं भिजत घालून बसलेय. भिजलेलं बी थांबतं का कुणासाठी? उद्या मोड येतील. कुठे लावू? तुझ्या डोक्यावर?"

"नवा माल महिन्याने मिळेल."

"महिन्याने मी असेन की नाही ते बघ आधी." वन्सं वळल्या. फाटकापाशी थांबून त्यांनी मोठ्याने विचारलं, "उद्याच का नाही कळलं तुला? आजच कशाला कळलं?" आणि उत्तराची वाट न बघता गेल्या. या प्रश्नाला अर्थ नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. राग मोठा असला की अर्थ मागे पडतो.

दुपारी ऑफिसात एक कागद तयार झाला. साहेबांनी स्वतः टाइप केला होता. त्यात लिहिलं होतं, की ढीग क्रमांक चारच्या ओलावा तपासणीत संबंधित कर्मचाऱ्याने हलगर्जी केल्यामुळे माल कोरडा पडला, सबब त्यांना वर्गीकरण पट्ट्यावर पाठवण्यात येत आहे. खाली सहीसाठी जागा.

मूठवालीने तो दोनदा वाचला. ती शाळेत गेली नव्हती. वाचायला शिकली ती पट्ट्यावर, रद्दीच्या कागदांवरून, आणि म्हणून छापलेल्या अक्षराला ती घाबरत नसे. कुठलं अक्षर शेवटी कुठे येऊन पडतं, ते तिने पाहिलेलं होतं.

"हलगर्जी नव्हती. चूक होती. पण असो, तेवढं राहू द्या," ती म्हणाली. "मी सही करते. यात एक ओळ कमी आहे."

"कुठली?"

"पंखा पाचाचा वीस मिनिटं कोणी केला आणि कोणत्या तारखेला केला."

साहेब लाल झाले. "पंखा वासासाठी वाढवला, मावशी. सगळ्यांसमोर वाढवला. लोकांना त्रास होत होता."

"लोकांना त्रास होत होता म्हणूनच मी भुसा मागत होते. दोनदा. तेही लिहा. ढीग काय माझ्या एकटीच्या मोज्याने सुकला? मोज्याने कळलं नाही, हे माझं. सुकवला कोणी, ते तुमचं. माझं मी घेते. तुमचं माझ्या ओटीत टाकू नका."

"आणि मी नाही लिहिलं तर?"

"तर मी सही करणार नाही. उद्या वरचे साहेब फोटोला येतायत ना? त्यांना पिंप दाखवते. तोवर पासष्टला जाईल ते."

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी चीड आली, मग नुसता थकवा. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःविरुद्ध टाइप करणार होता, आणि ते शिकवणारं पुस्तक अजून कुणी छापलेलं नाही. त्यांनी यंत्र पुढे ओढलं. दोन ओळी टाइप व्हायला पाव तास लागला. पंख्याची वेळ, तारीख, आदेश देणाऱ्याचं पद. भुशाच्या दोन मागण्यांचे जावक क्रमांक मूठवालीने तोंडपाठ सांगितले.

"पट्ट्यावर मात्र जावंच लागेल," ते खाली बघून म्हणाले. "त्यात मला काही करता येणार नाही."

"जाते की. मी नाही कुठे म्हणाले?"

तिने सही केली. त्यांनी केली. मग साहेबांनी वरच्या साहेबांना फोन लावला आणि उद्याचा फोटो रद्द करा म्हणून सांगितलं. का, असं पलीकडून विचारलं असावं, कारण ते थोडं थांबले आणि म्हणाले, "माल तयार नाही. माझ्याकडून घाई झाली." त्यांनी फोन ठेवला. मूठवालीला त्यांची दया आली नाही. पण जाताना तिने दार आपटलं नाही.

शुक्रवारपासून ती पट्ट्यावर उभी राहिली. कंबर दुसऱ्याच दिवशी धरली. बाजूच्या बायकांनी आधी टोमणे मारून घेतले, मग तिला उभं राहायला लाकडाची फळी आणून दिली, म्हणजे पाय गार पडत नाहीत. तिकडे लोडरवाल्याने चार नंबर फोडला आणि उलटवत भिजवायला घेतला. पाणी किती मारायचं हे विचारायला तो तासातासाला पट्ट्याच्या गोंगाटात येऊन ओरडायचा, आणि ती काचा वेचता वेचता उलट ओरडायची.

वन्संचा फोन दहा दिवस आला नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास आला. नवरा घड्याळ उघडून बसला होता. मूठवाली पाय गरम पाण्यात घालून.

"जुनी माती चाळली," वन्सं थेट म्हणाल्या. "विहिरीजवळची वाळू घातली. निम्मेच ट्रे भरले. निम्मं बियाणं फुकट गेलं."

"हो, वन्सं."

"हो काय? वीस हजार रोपं म्हणजे काय, माहिती आहे तुला?"

"माहिती आहे."

"काही माहिती नाही! आणि ती उरलेली वीस हजार, त्यांच्यापायी पाठ मोडली माझी. रोज पाणी घालायचं, रोज उचलून बघायचं. दोन पानं आली आता. पण त्याचं कौतुक मला सांगू नकोस. मी रागावलेय, कळलं का? पुढच्या वर्षीसुद्धा रागावलेली असेन."

"कळलं."

"पायाला काय झालंय तुझ्या? तो म्हणत होता."

"काही नाही. उभं राहून सुजलेत."

"मीठ घाल पाण्यात," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नवऱ्याने भिंग न काढताच विचारलं, "काय म्हणाली ताई?"

"रागावल्यात. पुढच्या वर्षीपर्यंत."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "सगळं गेलं असतं तर ती बोललीच नसती."

मूठवाली उठून मीठ आणायला गेली.